ओलं फडकं

शिसपेन्सिलीत शिसं नसतं
हे मला तिसाव्या वर्षी कळलं, ओहायोतल्या टोलेडो शहरात,
प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी.
तोवर सोलापूरच्या बाईंचा दम डोक्यात पक्का होता :
पेन्सिल चोखू नकोस, शिसं पोटात जाईल.

शिसं इथं होतं.
खिडक्यांच्या चौकटींत, रंगाच्या सातव्या थराखाली,
आणि चवीला, म्हणे, गोडसर.

मिसेस ओडेसा प्रुइट यांच्या घरी खिडक्या बावीस.
आकडा त्यांना तोंडपाठ, कारण पुसतात त्याच.
नातू जॅव्हियन, वय एकवीस महिने.
रक्तात शिसं चौदा.
कशाचे चौदा, कशात चौदा, मी समजावू लागले,
मायक्रोग्रॅम, डेसिलिटर...
त्यांनी हात वर केला.
"किती असायला हवं, तेवढं सांग."
शून्य, मी म्हटलं.
मग बराच वेळ फक्त फ्रिज बोलत होता.

मी नमुना घेतला : एक चौरस फूट फरशी,
फडकं आधी आडवं, मग उभं, घडी घालून नळीत.
उठताना झाडू दिसला,
दाराआड, झिजून एका बाजूला कललेला.
"सकाळ-संध्याकाळ झाडते मी," त्या म्हणाल्या,
"माझ्या जमिनीवर ताटाशिवाय जेवता येईल."

पुढचं वाक्य मला माहीत होतं. पुस्तिका, पान एकेचाळीस :
कोरडं झाडल्याने धूळ उडते,
आणि तरंगते बरोबर रांगत्या मुलाच्या उंचीवर.
आमच्याकडे दिवेलागणीला केर काढत नाहीत,
लक्ष्मी जाते म्हणतात.
इथं काय जात होतं, काय येत होतं,
ते मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

लव्हर्न एकोणीस वर्षं हे काम करते.
पदनाम तीनदा बदललं, पगार एकदा.
तिने बूट काढले, बादली मागितली,
गुडघे कडकडा वाजवत खिडकीखाली बसली
आणि पुसू लागली.
"माझी आईपण असंच झाडायची,"
हे ती फडक्याला म्हणाली.
"आम्ही पाचही भावंडं त्यात वाढलो.
रंग काही तिने लावला नव्हता."
पाणी राखाडी झालं.
मिसेस प्रुइट आत गेल्या. आत गेल्या त्या गेल्याच, असं वाटलं.
मग दुसरं फडकं घेऊन आल्या.

ऑफिसात माझ्याकडे एक नकाशा आहे,
जुना, बँकांच्या काळचा, लाल रेघ मारलेला :
या पलीकडे कर्ज देऊ नये.
रेघ मारणारा कधीच मेला.
मी मुलांच्या आकड्यांच्या टाचण्या टोचत जाते
आणि त्या रेघेच्या आतच बसतात,
सांगून बसवल्यासारख्या.
घरमालक म्हणजे ॲरिझोनातली कंपनी.
फोन केला की सॅक्सोफोन वाजतो.

मार्चमध्ये नगर परिषदेत सुनावणी.
भाड्याच्या प्रत्येक घराची तपासणी व्हावी की नको.
बोलायला माणशी तीन मिनिटं.
माझ्या अकरा स्लाइड होत्या, सहावीवर घंटा झाली.
मिसेस प्रुइट चर्चची टोपी घालून आल्या होत्या.
पर्समधून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली,
आतली रंगाची खपलं टेबलावर ओतली.
पांढरी, हिरवी, आत कुठेतरी पिवळी.
"मॅडम," लिपिक खुर्ची मागे सरकवत म्हणाला,
"ते उचला. ते घातक आहे."

"हो का?"

एवढंच बोलल्या.
दोन मिनिटं चाळीस सेकंद शिल्लक होते.
ते त्यांनी खर्चले नाहीत, पण जागाही सोडली नाही.
भिंतीवरचे लाल आकडे उलटे उतरत राहिले
आणि नऊ माणसं कागद चाळत राहिली.

निर्णय पुढच्या महिन्यावर गेला.
परतताना लव्हर्न गाडी चालवत होती,
मॉमी नदीवर बर्फाचे तुकडे एकमेकांना ढोसत होते.
मागे जॅव्हियन माझ्या शेजारी झोपलेला,
मूठ ओठांशी.
मी हळूच बोटं उघडली.
मूठ रिकामी होती.
तरी पुसली.