गार होतंय

नऊ वर्षं मी हलक्या वजनाच्या गटात वल्ही मारली.
शर्यतीच्या सकाळी काटा,
काट्यापुढे अनवाणी रांग,
जीभ टाळूला चिकटलेली,
आणि एइमांतास, आमचा कोच,
आकडा बघून नुसती एक भुवई हलवायचा.
त्या भुवईवर मी जगले.
त्या भुवईवर, आणि एका सफरचंदाच्या सोळा कापांवर.

मग एका मार्चमध्ये,
गाल्वे तळ्यावरचा बर्फ अजून पुरता फुटलाही नव्हता,
बोटघराच्या जिन्यात बसले ती बसलेच.
वर सात पायऱ्या.
मोजल्या. उठवेना.
खुब्याच्या हाडाला केसाएवढी चीर होती.
डॉक्टरीणबाई फोटो उजेडाला धरून म्हणाल्या,
इतकी वर्षं तुला तुझी हाडंच जेवू घालत होती.

मला वाटायचं, खायला लागलं की ताकद येते,
दिव्यात तेल घातल्यावर वात उजळते तशी.
तसं नसतं.
आधी घोटे सुजले. मग चेहरा,
आरशात कुणी फुगीर परकी बाई.
मग झोप, दुपारीसुद्धा, बुटांसकट.
मग भूक.
रात्री दोनला उभ्या उभ्या काळा पाव,
बोटाने लोणी, उकडलेले गार बटाटे,
शेपू घातलेलं बिटाचं गुलाबी सार पातेल्यातूनच.
पोट टम्म,
तरी ती दारात उभी,
थकलेलं भाडं मागायला आलेल्या घरमालकिणीसारखी,
आणि हिशेब तिच्याकडे होता, माझ्याकडे नव्हता.

ताकदीच्या आधी आला राग.
कुणी सांगितलं नव्हतं हे.
उपाशी असताना मी किती गुणी होते!
आता चमच्यावर चिडायचे, दाराच्या कडीवर,
आई गेनोवाइतेवर, जी शेजारणींना कौतुकाने सांगायची,
आमची पोर म्हणजे नुसती काडी.
फोन केला तिला. ओरडले. ठेवला.
हात थरथरत होते,
पण गरम होते.

शेजारच्या पिवळ्या लाकडी घरात,
रस्त्याकडे तीन खिडक्या असलेल्या,
हालिना राहते. कराईम आहे. एक्याऐंशीची.
दर गुरुवारी किबिनाय घेऊन यायची,
आत मटण आणि कांदा, करंजीचा घाट,
कडेला मुरड इतकी बारीक
की तिच्या मोतीबिंदूवर विश्वास बसू नये.
खाल्लंस का, असं ती कधीच विचारत नाही.
ताटली ठेवते आणि म्हणते, गार होतंय.
एवढंच.
कितीतरी गुरुवार मी केवळ
तिच्या त्या दोन शब्दांचा मान राखायला खाल्लं.

जूनमध्ये भर बाजारात पाळी आली, पाच वर्षांनी.
बाकावर बसून हसले.
बेरी विकणारी बाई बिचकून बघत राहिली.

ऑगस्टात हालिनाला काकड्या पोचवायच्या होत्या
पलीकडच्या काठाला, बहिणीकडे.
नाव जुनी, लाकडी, डांबर फासलेली,
माझ्या शर्यतीच्या बोटीपुढे म्हैसच.
मी पाय टाकला तशी ती खाली बसली,
पाण्याची रेघ दोन बोटं वर चढली.
जुन्या खोडीने बघितलंच मी.
दोन बोटं.
मग वल्ही घातली पाण्यात.
पूर्वी मी हट्टावर वल्हवायचे.
हे काही वेगळंच होतं,
मांड्यांतून निघून पाठीतून खांद्यात येणारं,
घाई नसलेलं,
आणि मी मागितल्यावर पुन्हा येणारं.

निम्म्या तळ्यात थांबले.
दमलीस? हालिना म्हणाली.
नाही, म्हटलं. भूक लागली.
हे मोठ्याने म्हटल्याला किती वर्षं झाली होती, आठवेना.

तिने बादलीतून एक काकडी काढली,
झग्याला पुसली, मोडली,
आणि मोठा तुकडा स्वतःला ठेवला.