बंद नऊ बारा

येसो वेळीपच्या वहीत निळ्या शाईत एवढंच:
बंद नऊ बारा.
उघडल्याची वेळ तो मागाहून भरतो,
गाडीचा काय भरवसा.

दवर्लीचं फाटक खाली येताना
एका ठिकाणी अडतं, क्षणभर विचार करतं,
मग पडतं.
तेवढ्यात चार स्कूटर निसटतात.
पाचवीवर मी.
बावीस वर्षं पाचवीतच बसलोय.

या बाजूला पाव संपवून परतणारा पोदेर,
मुलं सोडून आलेला रिकामा बालरथ,
टेंपोत उभा बांधलेला कुणाचा तरी नवा फ्रिज.
त्या बाजूला असंच काहीबाही.
मधे रूळ, आणि शेजारी
येऊ घातलेल्या दुसऱ्या रुळांसाठी
ओतून ठेवलेली खडी.

इथे पियेदादबाय कधी थांबली नाही.
डोक्यावर बांगड्यांची पाटी तशीच ठेवून
ती वाकायची. गुडघ्यांत, कमरेत नाही.
आडव्या दांड्याखालून पलीकडे,
पाटीतलं पाणी येसोच्या बुटांवर ठिबकवत.
"बाये, मरशील गो!" येसो केबिनमधून ओरडायचा.
"गाडीला वेळ आहे रे, बांगड्यांना नाही,"
तोवर ती पलीकडे पोचलेली असायची.

आज बँड आधी ऐकू आला.
मग काळे कोट, एप्रिलच्या उन्हात घामेजलेले,
पाद्री,
धूपदाणी धरलेला एक मुलगा, बूट चावत असलेला,
आणि खांद्यांवर पेटी.
पाटीहून फार जड नसावी.
सिमितेर पलीकडे.

बँड वाजत राहिला थोडा.
मग एकेक वाद्य गप्प झालं.
शेवटी ढोलवाल्यालाही कळेना
हातातल्या काठीचं काय करावं.

खांदेकऱ्यांतला एक वाकून बघू लागला,
खालून जाईल का म्हणून.
तिचाच मुलगा असावा. वाकणं तेच.
येसो बाहेर आला.
ओरडला नाही. नुसता हात आडवा केला.

मग कोळसा.
डबे, डबे, ताडपत्री फडफडणारे डबे,
मुरगावच्या धक्क्यावरून घाटाकडे.
मी नेहमी मोजतो. अठ्ठावन्न असतात.
आज एकोणिसाव्याला सोडून दिलं,
कारण पेटीवरच्या पांढऱ्या फुलांत
बारीक काळं उतरत होतं,
आमच्या खिडकीच्या गजांवर उतरतं तसं,
आणि एक बाई हातरुमालाने ती फुलं पुसत होती.
फुलं पुसतात का?
तिने पुसली.

शेवटचा डबा गेल्यावरही
फाटक लगेच उघडत नाही. नियम आहे.
ती थांबली.
मी स्कूटर बंद केली, एरवी करत नाही.
पोदेराने टोपी काढली,
कुठे ठेवावी सुचेना, हातातच धरली.

दांडा वर जाताना पुन्हा तिथेच अडला.
कोणी निसटलं नाही.
पेटी आधी.
मग बँड, रुळांवर ठेचकाळत, सूर शोधत.
मग आम्ही.

वळून पाहिलं तर येसो वहीवर वाकलेला,
पेन झटकत होता.

ऑफिसात मस्टरवर मी लिहिलं: नऊ चाळीस.
उशिराचं कारण: फाटक.