दाब

मंगळवार पेठेत, तालमीच्या मागल्या बोळात
माझं दुकान. एक मशीन, एक आरसा,
आणि लांबट वह्या,
सत्त्याण्णव सालापासूनच्या मापांच्या.

विजयमाला इंगवले. पहिलं माप लग्नातल्या ब्लाऊजचं:
छाती बत्तीस, कंबर सव्वीस, दंड साडेनऊ.
मग साडेसव्वीस.
मग सत्तावीस.
एका ओळीतून खालच्या ओळीत उतरताना
कुणाचं काही बिघडलेलं दिसत नाही.
बाळंतपणानंतर म्हणाली, उतरेल.
पोरगं कॉलेजात गेलं तरी म्हणत होती, उतरेल.
मी आपली दर ब्लाऊजला
आत दोन बोटं दाब ठेवत गेले,
आणि वर्षा-दीड वर्षानं ती पिशवी घेऊन यायची,
"जरा उसव गं, धुण्यात आटलाय."
कोल्हापूरच्या पाण्यात कापड लई आटतं.

मी कधी बोलले नाही.
गिऱ्हाइकाचं माप गिऱ्हाइकापुढं मोठ्यानं वाचायचं नाही,
सासूनं हे शिकवलं, कात्री हातात द्यायच्या आधी.
आणि उसवणीचे पैसेही मिळायचेच की.

परवा आली. राजारामपुरी नवव्या गल्लीतून चालत,
पदरानं मान पुसत.
दोन वर्षं झाली, स्कूटी पोराकडंच असते.
"रविवारचा तांबडा-पांढरा सुटणार नाही," तिनंच सांगून टाकलं,
"पण सगळ्यांची जेवणं झाल्यावर
पातेली पुसून खायचं बंद केलंय.
उरलेलं उरू देते आता."
टेप फिरवला. चौतीस.
मागची ओळ बघितली, चौतीस.
त्याच्या मागची, तीही चौतीस.
कमी नाही झालेलं काही.
पण एकाखाली एक तीनदा तोच आकडा,
तिच्या पानावर असं कधी नव्हतं.

"या खेपेला दाब ठेवू नकोस," म्हणाली.
खडूची रेघ ओढली, आणि
शिवणीला लागेल तेवढंच सोडून कापताना
कात्री थबकली माझी.
हाताला सवयच नाही.

ती गेली. टेप गळ्यात होता,
तो गळ्यातच असतो, रात्री खुंटीला जाईपर्यंत.
अर्ध्या पेठेच्या कंबरा मला तोंडपाठ.
माझी विचाराल तर
मी गाऊन घालते,
गाऊनला कंबर नसते.

वहीत शेवटचं पान कोरं होतं.
शटर अर्धं ओढलं.
नाव लगेच लिहून झालं.
आकड्यापर्यंत यायला
दिवेलागण झाली.