हातचे तीन

दस्तात लिहिलंय : जुन्या मेस्कीटच्या झाडापासून
उत्तरेला चारशे वारा,
मातीत पुरलेल्या पांढऱ्या दगडापर्यंत.
वारा हे इथलं माप, रिओ ग्रांदेच्या या काठाचं.
हवेतला तो वेगळा;
तोही आहे, सकाळपासून कागद फडफडवतो आहे.

एलेउतेरिओ कांतूचं यंत्र फक्त मीटर जाणतं.
तिपाईवर उभं राहून ते उपग्रहांना विचारतं
आणि सांगतं : तीनशे एक्केचाळीस पूर्णांक दोन.
तो वहीच्या कडेला भागाकार मांडतो,
भाजक शून्य पूर्णांक आठ चार सहा सात.
कॅल्क्युलेटर खिशात आहे,
पण बापाच्या पेशातलं एवढं तरी तो हातानं करतो.
भाग जातो, केसभर कमी.
चारशे तीन.

पुन्हा मोजतो. चारशे तीन.
झाड तेच. झाड कसलं, बुंधा, वीज पडून जळलेला,
तरी कुऱ्हाडीच्या जुन्या खाचा
बोटांना लागतात, नीट चाचपलं तर.
दगडही तोच.
मग हे तीन आले कुठून?

निकासिया त्रेविन्यो कुंपणाशी उभी आहे,
टोपीची कड एका हातानं दाबून.
पलीकडे तिचा चुलतभाऊ ट्रकमध्ये बसलाय,
इंजिन चालू ठेवून.
अकरा वर्षं दोघं बोललेली नाहीत.
तीन वारा म्हणजे अडीच मीटर,
अडीच मीटर फड्या निवडुंग,
गुरांच्या पाण्याचं एक फुटकं टाकं, बकऱ्यांची वाट.
पाच हजारांचा वकील लागून गेला या वाटेवर.

एलेउतेरिओ डिकीच्या सावलीत बसून दोराचा विचार करतो.
तेव्हा पन्नास वारांचा दोर असे, मेण चोळलेला,
दोन टोकांना दोन घोडेस्वार.
मागचा खुंट्याशी थांबायचा, पुढचा ताणून धरायचा,
मग हाक, मग पुन्हा पुढे.
चारशे म्हणजे आठ दोर.
पहाटेच्या दवात दोर आखडत असेल.
दुपारी, घोड्यांच्या ओढीनं, उन्हानं, हळूहळू
लांबत गेला असेल, कुणाला न सांगता.
एका दोरामागे दीड वीतसुद्धा नाही.
तेवढंच.
कुणी कुणाचं काही चोरलं नव्हतं.

तो उठून तिला सांगतो :
आकडा आणि खूण भांडली तर खूण जिंकते.
दगड जिथं आहे तिथंच तुमची शीव.
तीन वारा तुमचे.

ती हसत नाही.
बराच वेळ नदीकडे बघते, नदी इथून दिसत नसताना.
मग विचारते, "त्याची जमीनही त्याच दोरानं मोजली होती?"
"त्याच. बहुतेक त्याच दिवशी."
"म्हणजे त्यालाही जास्तच मिळाली."
"त्याला, त्याच्या पुढच्याला. ओळीनं सगळ्यांना."
"मग कमी कुणाला पडली?"

याचं उत्तर एलेउतेरिओजवळ नाही.
नकाशात ते दिलेलं नसतं.
त्या ओळीच्या अलीकडे, दोर यायच्या आधी,
इथं कोण राहत होतं
आणि ते कशानं मोजायचे, की मोजायचेच नाहीत,
हे कुठल्याच दस्तात सापडत नाही.

ती तारेच्या दोन पदरांतून वाकून पलीकडे जाते.
बाही काट्याला अडकते, ओढून सोडवते.
ट्रकच्या काचेशी उभी राहून काहीतरी बोलते.
वारा सगळं घेऊन जातो, या बाजूला
एक शब्द पोचत नाही.

एलेउतेरिओ यंत्राची तिपाई मिटतो.
लहानपणी गणितात बाप ओरडायचा :
हातचा विसरू नकोस, हातचा धरून ठेव.
सांगितलं नाही कधी,
की शेवटी तो नेऊन ठेवायचा कुठं.

ट्रकचं इंजिन बंद होतं.
तो मान वर करत नाही. वहीत लिहितो :
दस्ताप्रमाणे चारशे.
त्याखाली, थोड्या बारीक अक्षरात :
जागेवर चारशे तीन.