तात्पुरती

मार्केट यार्डातून फोन : "भावा, माझं सगळं गेलं."
काय गेलं ते ओळखून मी मोपेड काढली.

मगदूम बाईंच्या पडद्यावर नुसतं निळं.
सौद्याचे भाव नाहीत, आवकेची फाइल नाही,
रंकाळ्यावर भेळ खाणारी पोरगी नाही.
कोपऱ्यात चिठ्ठी :
तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलवर आहात,
इथं केलेलं बाहेर पडताच पुसलं जाईल.

"अकरा वर्षं रोजंदारीवर हाय,
हे ह्येला कुणी सांगितलं?"
मला हसू आलं. मग नाही आलं.

गोदामाच्या भिंतीवरचा स्विच उघडला.
ढेपांमागून निघालेली मुंग्यांची रांग
थेट पोर्टात, अंड्यांसकट,
कायमच्या वस्तीला.
फुंकलं, झाडलं, वायर बदलली.
रजिस्ट्रीत बाईंच्याच नावाच्या दोन नोंदी,
एक उपरी,
एक खरी, 'बॅक' असं शेपूट लावून मागं ढकललेली.
उपरी काढली. खरीचं शेपूट तोडलं.
रिस्टार्ट.

निळं बराच वेळ फिरत राहिलं.
बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या.
मग पोरगी आली, गालाला चिंचेचं पाणी.

बिल पुढं केलं. सही?
"माझी चालत न्हाई," बाई म्हणाल्या,
"सायेब चहाला गेल्यात. थांबा जरा,"
आणि हातावर गुळाचा खडा ठेवला.
त्यावर एक मुंगी होती.