साडेतीन टक्के ओल

रात्री नऊला तावडे हॉटेलपाशी बस.
पलंगावर बॅग उघडी, आणि मी कपड्यांपुढं उभी,
जशी शिफ्ट बदलताना
साच्यांच्या रांगेपुढं उभी राहते.

कोचीला चाललेय. या वर्षी चौथ्यांदा.
तिथली हवा अंगाला नुसती लागत नाही,
बिऱ्हाड करते.

पहिल्या खेपेला काळा पॉलिस्टरचा कोट नेला होता,
राजारामपुरीतनं, सेलमधला, सोनेरी बटणांचा.
गेटपासून मीटिंगची खोली दोनशे पावलं.
तेवढ्यात पाठीवर नकाशा उमटला.
वर्की साहेबांनी पंपाचं कास्टिंग टेबलावर ठेवलं,
छिद्रावर पेन्सिल टेकवली.
मी म्हणत होते, चूक आमची नाही.
खरंच नव्हती.
आणि कपाळावरला थेंब
टपकन रिपोर्टवर, माझ्याच सहीवर.
अशा वेळी घामाला कुणी हवामान म्हणत नाही.
कबुली म्हणतात.

परत आले ती थेट गजबर मास्तरांच्या दुकानात.
अस्तर काढा म्हटलं.
मास्तर कोट उलटा करून बघत बसले.
‘अस्तर काढल्यावर कोटात ऱ्हायलं काय?’
‘मी ऱ्हायलो की.’

(पेठेत, घरात, मी अजून आलो-गेलोच म्हणते.
आईसुद्धा. आमच्या गल्लीतल्या साऱ्या बायका.
कंपनीत आले-गेले.
कोचीत इंग्रजी, तिथं क्रियापद
बाईचं की बाप्याचं विचारत नाही.
तेवढंच एक ओझं हलकं.)

मास्तरांनी अस्तर काढलं, पण खांद्याचं ठेवलं.
‘खांद्याला आधार लागतोय बाई,
हवा कसली बी असू दे.’

यल्लाप्पा परीट तर कॉलर बघून गाव सांगतो.
‘ही कोची. पांढरी रेघ, मिठाची.
चेन्नईची जरा पिवळी येती.’
तो स्वतः निपाणीच्या पुढं कधी गेलेला नाही.
खळ घालू का, हे आता विचारत नाही.
तिकडच्या हवेत खळीचा चिकट लगदा होतो
हे त्याला माझ्याआधी कळलं.

तर, दोन सुती शर्ट, पातळ विणीचे.
गडद निळा. त्यात ओल दिसत नाही.
पांढराही निभावतो.
फिकट आकाशी मात्र चहाडखोर,
काखेतलं सगळं आधी तोच सांगतो.
तो कपाटातच असतो, कोल्हापूरच्या थंडीसाठी.

वाळूत ओल साडेतीन टक्के हवी.
वर गेली की वितळलेल्या लोखंडापुढं तिची वाफ होते,
वाट शोधते,
नाही मिळाली तर आतच राहते, पोकळी होऊन.
वरनं कास्टिंग गुळगुळीत. हात फिरवा, गार, शहाणं.
मशीनवर चढल्यावर उघडं पडतं.

चौदा तारखेच्या रजिस्टरात साडेतीनच लिहिलंय.
अक्षर माझं नाही.
मीटरवर चार पूर्णांक दोन होतं, ते मी बघितलंय.
‘पाऊण टक्क्यानं काय आभाळ कोसळतंय,’
रणदिवे साहेब म्हणाले,
‘तुम्ही फक्त नीट तयार होऊन जावा.’

नीट तयार होते आहे.

गडद निळा घडी करून ठेवला.
काढला.
पुन्हा ठेवला.
मग कपाटातनं आकाशी काढला,
हँगरसकट.
त्याच्या घडीत रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स,
प्लास्टिकच्या पिशवीत, दमट हवेत शाई फुटू नये म्हणून.

आईनं भडंगाची पुडी कोपऱ्यात खुपसली.
‘तिथं पोचेस्तोवर मऊ पडंल,’ मी म्हटलं.
‘पडू दे,’ ती म्हणाली, ‘चव कुठं जातीय?’

बॅगेची चेन अर्ध्यात अडकली आहे.
गुडघा दिला की लागेल.