पान एकोणचाळीस

तू आधी तुझी कॉफी संपव, कीरन, मी थांबते.
तुमचं ते ताटकळत ठेवण्याचं संगीत ऐकत
सकाळपासून स्वेटरची एक अख्खी बाही विणून झाली.

हो, क्लेम नंबर तोच.
हो, कूमा. नकाशात सापडत नसेल तर
कॅनबेरावरून बोट खाली सरकव,
झाडं संपतात आणि नुसता वारा उरतो, तिथे थांब.

झालं ते असं: पहाटेचं धुकं, बॉम्बालाचा रस्ता
आणि मधोमध वॉम्बॅट.
वॉम्बॅट म्हणजे काय, तुला पर्थमध्ये बसून काय कळणार,
चार पायांवर चालणारा धोंडा.
तो उठला, अंग झटकलं,
मागे वळूनही न बघता गवतात गेला.
माझा बंपर गेला, एक दिवा, डावा मडगार्ड,
आणि बॉनेटची कड आत वळली,
रुसलेल्या पोरीनं ओठ मुडपावा तशी.

तू म्हणतोस, आमचं ठरलेलं गॅरेज क्वीनबियनला,
शंभरावर किलोमीटर, गाडी ओढून नेऊ, फुकट,
शिवाय कामाची आजीवन हमी.
कोणाच्या आजीवन, बाळा?
मी एक्क्याहत्तरची आहे.

पान एकोणचाळीस काढ.
नाही, स्क्रीनवरचं नको. माझ्याकडे छापील आहे,
शाईनं अधोरेखित.
दुरुस्ती कोणाकडे करायची हे विमाधारक ठरवेल.
त्या एका ओळीचे वर्षाला चौऱ्याऐंशी डॉलर,
अकरा वर्षं. गुणाकार तू कर,
तुझ्यापुढे यंत्र आहे.

का तोच, विचारतोस?
तुमच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही, तरी ऐक.
झ्लाट्को व्र्बान. गुरांच्या बाजारामागे पत्र्याची शेड,
दारात कायम एक गाडी, जिचा मालक पैसे आणायला गेलाय.
एकदा त्याने माझं इंजिन उघडलं, मिटलं, बिल केलं,
आणि रात्री साडेदहाला फोन:
नोरीन, माझा तेरा नंबरचा पाना सापडत नाहीये,
गाडी सुरू करू नकोस, येतोय.
बर्फ पडत होता. टॉर्च दातांत धरून
त्यानं बॉनेटखालून तो पाना काढला
आणि चहाही न घेता गेला, लाजून.

त्याच्या चुका मला माहीत आहेत, कीरन.
तुमच्या माणसाच्या कुठे माहीत आहेत?

लिहून घेतलंस? बरं.

*

आठवड्यानं पुन्हा मीच.
तूच का, कीरन? नशीब तुझं.

त्यानं डोळे मिटून तळवा फिरवला मडगार्डवरून,
आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवावा तसा,
म्हणाला, पत्रा माझा. रंगही माझा.
मग बंपरमागे वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.
तिथे म्हणे एक रडार आहे, काचेमागे कॅमेरा,
अंतर मोजतात, ब्रेक आपणहून लावतात,
आणि केसभर तिरके बसले
तर नसलेल्या वॉम्बॅटसाठी थांबतील
आणि असलेल्यासाठी नाही.
हात पुसत म्हणाला, हे मला येत नाही.
शिकलो नाही. यंत्र आणायला पैसे नाहीत.
क्वीनबियनला नेऊन ताडून घे,
मग मी दिलेली गाडी पूर्ण झाली असं मी म्हणेन.

हसू नकोस.
मला ऐकू येतंय तू हसतोयस.

हो, क्वीनबियन. शेवटचं अर्ध्या दिवसाचं काम.
पण नीट नोंद कर, शब्दाला शब्द:
गाडी तिथे तुम्ही पाठवली नाहीत.
मी निवडलेल्या माणसानं पाठवली आहे.

रकाना नसेल तर समासात लिही.
आणि ते संगीत बदला.